इस्लाममधील सदसद्‌विचार : बुद्धी आणि ईश्वरी संदेश

कृत्याचे चांगले-वाईटपण त्या कृत्यातच असते व ते बुद्धीला कळते, की ते ईश्वराच्या विधिनिषेधांनी ठरते, हा इस्लामी धर्मविचारातील एक मूलभूत प्रश्न होय. या दोन मूल्यांना अरबीत अनुक्रमे ‘हुस्न’ व ‘कुब्ह’ म्हणतात.

इ. स. आठव्या शतकात बसरा येथे उदयास आलेल्या मुतझिला पंथाच्या मते न्याय-अन्यायाचे मूल्य बुद्धी ईश्वरी संदेशापूर्वीही जाणू शकते. ईश्वर न्यायी असल्याने तो अन्यायाची आज्ञा देणार नाही. आरंभी याच पंथात असलेले अबुल हसन अल्-अशअरी (मृ. सु. ९३५) यांनी हे मत त्याज्य ठरविले. ईश्वराने सांगितले ते चांगले व निषिद्ध मानले ते वाईट. मानवी बुद्धीच्या मापाने ईश्वराला बांधता येत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. समरकंदचे अबू मन्सूर अल्-मातुरीदी (मृ. ९४४) यांनी मध्यम मार्ग स्वीकारला. बुद्धीला काही कृत्यांचे बरेवाईट कळते. विधिनिषेधांचा तपशील मात्र ईश्वरी संदेशातूनच मिळतो, असे त्यांनी मानले. त्यांचा विचार प्रामुख्याने हनफी विधिपरंपरेत रुजला. महाराष्ट्रातील बहुसंख्य सुन्नी मुसलमान याच परंपरेचे असून कोकणी मुसलमान मात्र शाफिई आहेत.

या वादाचे व्यावहारिक रूप तलाकच्या प्रश्नात दिसते. एकाच वेळी तीनदा उच्चारलेला तलाक (तलाक-ए-बिदत) हनफी विधिज्ञांनी पापमय मानला, तरी तो परिणामकारक ठरविला. नीतीच्या दृष्टीने निंद्य असे कृत्य अशा रीतीने कायद्याने वैध झाले आणि त्याचे परिणाम स्त्रीला भोगावे लागले. याविरुद्ध हमीद दलवाई (१९३२–७७) यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा विधिमंडळावर नेला व २२ मार्च १९७० रोजी पुणे येथे मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. १८७३ मध्ये पुण्यातच महात्मा फुले यांनी स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाचे स्मरण या नावातून होते. दलवाई यांचा भर धर्मग्रंथाच्या नव्या अन्वयार्थापेक्षा बुद्धिप्रामाण्य, स्त्री-पुरुष समता व समान नागरी कायदा यांवर होता. माथेरान येथे जन्मलेले विधिज्ञ आ. अ. अ. फैजी (१८९९–१९८१) यांनी श्रद्धा राखून धर्म व कायदा यांची क्षेत्रे वेगळी करण्याचा विचार मांडला.

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी ३ विरुद्ध २ मतांनी ही प्रथा रद्द केली. बहुमतातील दोन न्यायमूर्तींनी ती मनमानी, म्हणून संविधानातील समतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरविली. तिसऱ्यांनी ती कुराणाच्या विरुद्ध, म्हणून शरीयतमध्येही अग्राह्य मानली. अल्पमताने तिला श्रद्धेचा भाग समजून तीवरील निर्णय संसदेकडे सोपविला. २०१९ च्या कायद्याने असा तलाक शून्यवत व दंडनीय झाला. बुद्धी आणि ईश्वरी संदेश या दोन भिन्न मार्गांनी एकच निष्कर्ष निघू शकतो, हे या निकालावरून स्पष्ट होते. त्यांत मतभेद झाल्यास प्रमाण कोणते मानावे, हा जुना प्रश्न मात्र त्याने सुटलेला नाही.