वऱ्हाड, पडदा आणि धडगावचा हाट

लग्न परगावी असतं. दोन्हीकडची माणसं चार दिवस एकाच आवारात अडकून पडलेली असतात. बोहल्यावर चढणार असतं एक जोडपं आणि प्रेमात पडत असतं भलतंच. शेवटच्या विधीपर्यंत सगळे गैरसमज मिटतात आणि प्रेक्षक हसत घरी जातो. ‘डेस्टिनेशन वेडिंग’वरच्या प्रेमविनोदी चित्रपटाचा हा साचा आता सगळ्यांना पाठ आहे. हॉलिवूडने २०१८ मध्ये ‘डेस्टिनेशन वेडिंग’ याच नावाचा चित्रपट काढला. कॅलिफोर्नियातल्या एका लग्नाला आलेले दोन वैतागलेले पाहुणे त्यात सबंध चित्रपटभर एकमेकांशीच बोलतात. हिंदीत ‘ये जवानी है दीवानी’ने २०१३ मध्ये उदयपूरचं लग्न घराघरांत पोचवलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये तर पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून परदेशी जाऊन लग्न करण्याच्या हौसेबद्दल खंत व्यक्त केली आणि लग्न भारतातच करा, असं सांगितलं.

हा साचा बाहेरून आला असं वाटतं खरं, पण त्याचं सगळं साहित्य आपल्या घरात जुनंच पडलेलं आहे. मराठी लग्न मुलीच्या दारी लागायचं. मुलाकडचे बैलगाड्या जुंपून निघायचे, वेशीवर थांबायचे, तिथे सीमांतपूजन व्हायचं आणि मग वऱ्हाड जानवशावर उतरायचं. परक्या गावातला दोन-तीन दिवसांचा हा मुक्काम म्हणजे विनोदाची खाणच. कुणाला पाटावर बसवलं नाही, कुणाच्या पानात मठ्ठा आला नाही, विहिणीला मानाचं लुगडं हलकं निघालं, वरमाय रुसली, मग तिची समजूत काढायला निम्मं गाव लोटलं. आज सीमांतपूजन आदल्या संध्याकाळी कार्यालयातच उरकतं, वेस ओलांडायला कुणी जात नाही. प्रवास गेला आणि त्याच्याबरोबर गोष्टीतला निम्मा रंगही गेला. डेस्टिनेशन वेडिंगने तो प्रवास पैसे मोजून परत आणला.

मराठी पडद्याने लग्नाच्या खटपटीचं सोनं फार लवकर केलं. चिं. वि. जोशींच्या चिमणराव-गुंड्याभाऊंना घेऊन मास्टर विनायकांनी १९४० मध्ये ‘लग्न पहावे करून’ काढला. दामुअण्णा मालवणकर त्यात चिमणराव होते आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. त्याच वर्षी अमेरिकेत ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ आला. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरी कुणाची होणार, हा त्यातला पेच. दोन देशांत, एकमेकांची गंधवार्ता नसताना, लग्नघर ही विनोदाची हक्काची जागा ठरली होती.

पुढे पु. ल. देशपांड्यांनी ‘व्यक्ती आणि वल्ली’त नारायण उभा केला. साड्यांच्या खरेदीपासून पंगतीपर्यंत सगळं लग्न अंगावर घेणारा, आणि कुणाच्याच आमंत्रणपत्रिकेत नाव नसलेला माणूस. त्या पुस्तकाला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०१० च्या ‘बँड बाजा बारात’मध्ये हाच नारायण वेडिंग प्लॅनर होऊन आला. फरक एवढाच, की आता तो हिशेब लावतो आणि त्याला स्वतःची प्रेमकथाही आहे.

प्रवासाचा धागा मात्र खरा पेलला तो मराठवाड्याने. डॉ. लक्ष्मण देशपांडे यांनी १९७९ मध्ये ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ रंगमंचावर आणलं. खेड्यातला मुलगा लंडनला जातो, तिथल्या गोऱ्या मुलीशी लग्न ठरवतो आणि गावचं वऱ्हाड विमानात बसून निघतं. एकच नट, बावन्न पात्रं. गिनीज बुकातही त्याची नोंद झाली. आज ज्याला आपण डेस्टिनेशन वेडिंगची कॉमेडी म्हणतो, ती मराठीत अशी चार दशकांहून जुनी आहे. तिची गंमत स्थळात नव्हती. लंडन पाहायला प्रेक्षक येत नव्हता, लंडनमध्ये आपली माणसं कशी वागतात ते पाहायला येत होता. सलील कुलकर्णींच्या ‘वेडिंगचा शिनेमा’ने २०१९ मध्ये हेच सूत्र पुढे नेलं. सासवडचा मुलगा, मुंबईची मुलगी आणि त्यांच्या लग्नाची फिल्म करायला आलेली दिग्दर्शिका. लग्नाकडे पाहणारा कॅमेराच इथे एक पात्र झाला.

कॅमेरा पाहतो ते कुणाच्या नजरेनं, हा प्रश्न घेऊन धडगावला यावं लागतं.

धडगाव हे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्याचं मुख्य ठिकाण. सातपुड्याच्या आत, नर्मदेच्या अलीकडे. वस्ती पावरा आणि भिलांची. पर्यटकाला याच तालुक्यातलं तोरणमाळ ठाऊक असतं. होळीच्या आठवड्यात धडगावला भोंगऱ्या हाट भरतो. डोंगरातल्या पाड्यांवरून माणसं पहाटेपासून उतरतात. होळीला वाहायला गूळ, डाळ्या, खजूर, साखरेचे हार-कंगन घ्यायचे असतात. चांदीचे दागिने निघालेले असतात, दोन माणसांनी उचलावे असे ढोल येतात, बासऱ्या वाजत असतात. वर्षभर न भेटलेले सोयरे इथे भेटतात.

हाच बाजार मध्य प्रदेशात, झाबुआ, अलीराजपूर, बडवानी या पट्ट्यात भगोरिया म्हणून ओळखला जातो, आणि त्याच्यावर बाहेरच्यांनी एक प्रेमकहाणी रचून ठेवली आहे. मुलगा मुलीच्या गालाला गुलाल लावतो, तिने उलट लावला की होकार, मग दोघं पळून जातात आणि लग्न होतं. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांनी, पर्यटनाच्या पत्रकांनी आणि आता मोबाइलवरच्या व्हिडिओंनी ही गोष्ट इतकी घोळवली, की होळीच्या बाजाराला ‘प्रणयपर्व’ हे नाव चिकटलं. आदिवासी कार्यकर्ते आणि लेखक वर्षानुवर्षं सांगताहेत, की हा होळीच्या खरेदीचा हाट आहे, स्वयंवर नाही. ते मान्य करायला साधं डोळे उघडून पाहणं पुरे. याच दिवसांत बावा, बुध्या अशी सोंगं घेणारे पुरुष पालनी हे व्रत पाळतात. अंगावर राखेचे नाहीतर पिठाचे ठिपके, कमरेला सुके भोपळे आणि घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप. हे व्रत संपेपर्यंत खाटेवर झोपायचं नाही, पायात चप्पल घालायची नाही, बाईला स्पर्श करायचा नाही. ज्या आठवड्याला बाहेरचे लोक प्रेमाचा बाजार म्हणतात, तो इथल्या कितीतरी घरांत ब्रह्मचर्याचा असतो.

मग इथे प्रेम नाही का? आहे, आणि त्याला रीतसर जागाही आहे. मुलगा-मुलगी आपल्या मनाने निघून गेली तर दोन्हीकडचे पंच बसतात, देज म्हणजे मुलीच्या घराला द्यायची रक्कम ठरते, मोहाची दारू जमिनीवर शिंपडून देवांना आणि पूर्वजांना दिली जाते आणि समाज त्या दोघांना नवरा-बायको मानतो. ज्या मुलाकडे द्यायला काही नाही, तो घरजावई होऊन सासऱ्याच्या शेतात राबतो. विधवेचं, नवरा सोडलेलीचं लग्न पुन्हा लागतं. अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा आपोआप लागू होत नाही, १९५५ च्या त्या कायद्यातच तसं कलम आहे. त्यामुळे पंचांच्या बैठकीला इथे खरं वजन आहे. नर्मदेपलीकडे छोटा उदेपूर जिल्ह्यात सुरखेडा, सनाडा, अंबाल या राठवा गावांत तर नवरदेव घरी थांबतो आणि त्याची कुमारी बहीण वरात घेऊन जाते, फेरे घेते, वहिनीला घरी आणते. पटकथाकाराने यापेक्षा आणखी काय मागावं?

देज हा शब्द ऐकला की शहरी मराठी मन बिचकतं. देवलांच्या ‘संगीत शारदा’ने १८९९ पासून आपल्याला शिकवलं, की मुलीच्या बापाने पैसे घेणं म्हणजे मुलगी विकणं. तिथल्या समाजात ते खरंही होतं. सातपुड्यात देजाचा अर्थ वेगळा आहे. राबणारी पोर घरातून जाते, तिच्या घराला त्याची भरपाई मिळते. मुलीचा बाप इथे हुंड्याने कर्जबाजारी होत नाही. पण देजाची रक्कम फुगली की मुलाचं घर बुडतं. उचल घेऊन ऊसतोडीला जावं लागतं आणि लग्नाचं कर्ज फडात फिटतं. वर मंडपात डीजे आला, त्याचं भाडं वेगळंच. सीमेपलीकडे अलीराजपूर-झाबुआकडे समाजानेच दारू, डीजे आणि दहेज (म्हणजे इथला देजच) यांच्याविरुद्ध मोहीम उघडली आहे. या चिंताही लग्नाच्या गोष्टीत याव्यात. त्या आल्या म्हणून विनोद कमी होत नाही.

परगावच्या लग्नाचा एक प्रकार इथे सक्तीनेही आला. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणामुळे महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली, ती सगळी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. कुणी सोमावल, रोझव्याला वसवले गेले, कुणी वडछीलला, तर कुणी काठावरच राहिले. पूर्वी एका टेकडीवरून दुसरीवर जाणारी वरात आता जलाशय बोटीने ओलांडते आणि जीपने सपाटीला उतरते. हे स्थळ त्यांनी हौसेने निवडलेलं नाही.

उद्या एखादी चित्रपट कंपनी सातपुड्यात लग्नाचा सिनेमा करायला येईल. तोरणमाळचं धुकं आहे, ढोल आहेत, चांदी आहे. त्यांना मोह होणारच. त्यांनी जरूर यावं. पण गुलालाची ती रचलेली कहाणी घेऊन येऊ नये. आदिवासी क्षेत्रांसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने आपल्या चालीरीती आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे आणि धडगाव त्या कायद्याच्या क्षेत्रात येतं. म्हणून आधी ग्रामसभेपुढे बसून गोष्ट वाचून दाखवा, पावरीत आणि भिलोरीत. पात्रं इथल्या मुला-मुलींना करू द्या. चुकलेलं ते सांगतील, आणि कुठे हसायचं तेही तेच सांगतील. मराठवाड्यातल्या एका प्राध्यापकाने आपल्या गावच्या बोलीत वऱ्हाड लंडनला नेलं आणि सगळ्या महाराष्ट्राने ते डोक्यावर घेतलं. सातपुड्यातली पोरं आपल्या बोलीत आपलं लग्न सांगतील, तेव्हा तेही डोक्यावर घेतलं जाईल. त्यांच्या हाती कॅमेरा देण्याचं काम आता आपण करायला हवं.