छोट्या लाइनीचा शेवटचा मेळा

परवा अमेरिकेतल्या भाच्याने व्हिडिओ कॉलवर त्याचं थॉमस इंजिन दाखवलं आणि विचारलं, "मामा, तुमच्याकडे खरी छोटी ट्रेन आहे का?" म्हटलं, होती रे. फोन ठेवल्यावर जे आठवत गेलं ते लिहायला बसलोय. ज्यांना आगगाड्यांचा कंटाळा आहे (ताई, तूच) त्यांनी सरळ शेवटी जावं, तिथे मामा आहेत.

नागपूरच्या माणसाला 'छोटी लाइन' म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. इतरांसाठी: दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मोठ्या लाइनीचं १६७६, निम्म्याहून कमी. १८८७ साली बंगाल नागपूर रेल्वे ही कंपनी निघाली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिने सातपुड्यात या छोट्या लाइनींचं जाळं विणलं. गोंदिया, बालाघाट, नैनपूर, जबलपूर, छिंदवाडा... आणि आपल्याकडे इतवारीहून उमरेड, भिवापूर करत नागभीडला, १९०८ साली. अडीच फूटच का? डोंगरात वळणं घट्ट घेता येतात, पूल लहान लागतात आणि मुख्य म्हणजे स्वस्तात होतं. साहेबाला जंगलातलं लाकूड आणि खाणीतलं मँगनीज खाली आणायचं होतं. आम्ही मात्र तिच्यात बसून आजोळी गेलो.

आजोळ भिवापूरला. मिरचीचं गाव. आईने बांधलेल्या पोळ्या उमरेड यायच्या आत संपायच्या आणि मग पुढे काय, हा प्रश्न असायचा. समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघे लागत. नागभीडपर्यंत शंभरेक किलोमीटरला पाचेक तास, म्हणजे हिशेब करा. मी मात्र दारात बसून फास्टर फेणे झालेला असायचो. भा. रा. भागवतांनी बन्याला या गाडीत बसवलं असतं तर चोर पळूनच गेला असता, हे कळायला बरीच वर्षं लागली.

छिंदवाड्याची छोटी लाइन २०१५ च्या अखेरीस बंद झाली, तेव्हा मी गेलो नाही. ऑफिस, आणखी काय. नागभीडची २०१९ च्या नोव्हेंबरात बंद होणार हे कळल्यावर मात्र सुट्टी टाकली. इतवारी स्टेशनवर पाहतो तर काय, जत्रा! बंगलोर, कलकत्ता, मुंबईहून आलेली मंडळी. कुणाच्या गळ्यात दोन-दोन कॅमेरे, कुणी भोंग्याचा आवाज टिपायला माइक बांबूला बांधलेला. एक गृहस्थ इंजिनाचा नंबर वहीत लिहीत होते आणि तीच वही ते कितीतरी वर्षं वापरत होते. या लोकांना आपण वेडे म्हणतो, मी पण म्हणायचो. पण ओळख नसताना त्यांनी मला खिडकी दिली, पोहे दिले आणि कुठल्या वळणावर मागे पाहिलं की पूर्ण गाडी दिसते तेही सांगितलं. भिवापूरपर्यंत मी त्यांच्यातलाच झालो होतो.

त्यातल्याच एकाने थॉमसची गोष्ट सांगितली. वेल्समध्ये टॅलिलिन नावाची पाटीच्या दगडाची छोटी लाइन बंद पडायला आली, तेव्हा १९५१ साली हौशी लोकांनी ती स्वतः चालवायला घेतली. जगातली अशी पहिलीच. पुढच्या वर्षी तिथे फुकट राबायला गेलेल्यांत थॉमसचे लेखक ऑड्री होते आणि त्या लाइनीवरून त्यांनी पुस्तकंही लिहिली. आपल्याकडे दार्जिलिंग (१९९९), निलगिरी (२००५), कालका-शिमला (२००८) यांना युनेस्कोचा मान मिळाला. आमच्या लाइनीच्या टोकाला थंड हवेचं ठिकाण नव्हतं, नागभीड होतं. मला हे फार लागलं आणि मी तावातावाने बोललोही.

भिवापूरला मामा आले होते, हातात मिरचीची पिशवी. मी तेच पुराण त्यांच्यापुढे सुरू केलं. ते ऐकून घेत होते, मग म्हणाले, "तू सुट्टीत ये जो ना बाप्पा. आमी रोज जाणारे. पोरीची परीक्षा नागपुरात असली का आदल्या दिवशी निंघा लागे. मिरचीचं पोतं घेऊन पोचलो का बाजार उठेल राहे. मोठी लाइन कदी येते याची वाट माह्या बापानं पायली, मी पायली."

मी काय बोलणार? पंधरा वर्षांत मी त्या गाडीत बसलो नव्हतो, बसनेच जात होतो. तीही वर्षातून एकदा.

छोट्या लाइनीची इंजिनं आणि डबे नागपुरात मोतीबागेच्या संग्रहालयात आहेत, २००२ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या. भाचा आला की त्याला नेणार आहे. पण तिथे गुडघ्याला गुडघे लागत नाहीत.

त्या दिवशी गाडीने भोंगा दिला, कॅमेरेवाले धावले. मामा मागेच थांबले होते. मला वाटलं कंटाळले. तर त्यांनी टोपी सारखी केली, सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि म्हणाले, "काढ ना माहा एक फोटो. गाडी दिसली पायजे बरं, पुरी."

गाडी पुरी आली नाही. मामा आलेत.