अंबाजोगाई : पोथी आणि शिलालेख

बालाघाटातील जयंतीच्या खोऱ्यात वसलेल्या अंबाजोगाईस येणारा यात्रेकरू योगेश्वरीचे दर्शन घेऊन मुकुंदराजांच्या समाधीकडे वळतो. ‘विवेकसिंधू’चा रचनाकाल शके १११० मानल्यास तो ज्ञानेश्वरीहून (शके १२१२) शतकाने जुना ठरतो. परंतु उपलब्ध पोथ्यांची भाषा ज्ञानेश्वरीहून अर्वाचीन वाटते; शिवाय वैनगंगेकाठचे आंभोरेही या कवीवर हक्क सांगते. नकलाकारांच्या हातून भाषा पालटत असल्याने केवळ तिच्यावरून ग्रंथ उत्तरकालीन ठरविणे घाईचे होय. पण एकट्या शकावर विसंबणेही तितकेच धाडसाचे. येथील खोलेश्वर मंदिराच्या शके ११६२ (इ. स. १२४०) मधील संस्कृत लेखास ही अडचण नाही. यादव सेनापती खोलेश्वराचा पुत्र राम गुजरातच्या स्वारीत पडला आणि त्याच्या स्मरणार्थ बहीण लक्ष्मी हिने देवालय उभारले, असे तो सांगतो.