करवंटीतला टप् आवाज

आतेभाऊ माझा डिचोलीचा, पण मे महिना आमच्याकडे पेडण्यात, आजोळी. आकडे डोक्यात जाईनात म्हणून मास्तरांनी त्याला घरी पाठवलं, ते कायमचंच. आत्या मात्र हटली नाही. करवंटी पुढ्यात ठेवायची नि एकेक शिंपला वरून सोडायला लावायची. टप्, एक. टप्, दोन. दहापर्यंत यायला अख्खी सुट्टी गेली!

पुढे डी.एड. करताना वाचलं, की मारिया माँटेसरींनी हाताळायच्या साहित्याचे पहिले प्रयोग रोममध्ये ‘मतिमंद’ म्हणून बाजूला काढलेल्या मुलांबरोबरच केले, तेही सेगँ या फ्रेंच डॉक्टरांच्या कामाच्या आधारे. १९०७ मध्ये बालघर उघडलं, तेव्हा ते इतर मुलांकडे आलं. ताराबाई मोडकांनी १९४५ पासून बोर्डीच्या बालवाडीत आसपासच्या साध्या वस्तूच वापरल्या. म्हणजे ज्यांच्यापासून सुरुवात झाली, त्यांतलाच एक आमच्या शाळेबाहेर बसलेला! राग आला, खरंच.

आता डिचोलीत केशव सेवा साधनची विशेष शाळा आहे. आतेभावाला तिचा उपयोग नव्हता, वय निघून गेलेलं. तो नारळ मोजतो. पोत्यात पडल्याचा आवाज ऐकल्याशिवाय पुढचा आकडा म्हणत नाही.