डीएससी टोकन चालत नाही? फॉरमॅट करण्याआधी हे वाचा

निविदा भरण्याचा शेवटचा दिवस. ठाणे किंवा कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या कामासाठी ठेकेदार महाटेंडर्स पोर्टल उघडतो, टोकन लावतो आणि डिजिटल सही होतच नाही. अशा वेळी घाईत केलेली एक चूक महागात पडते.

टोकनमध्ये काय असतं?

दिसायला पेनड्राइव्ह, पण आत सुरक्षित चिप असते. सहीची खासगी की याच चिपमध्ये तयार होते. ती बाहेर काढता येत नाही, तिची कॉपीही होत नाही. म्हणजेच टोकन पुसलं, की की कायमची गेली.

टोकन दिसत नसेल तर

• हब काढून टोकन थेट दुसऱ्या यूएसबी पोर्टमध्ये लावा.
• ईपास, प्रॉक्सकी अशा आपल्या टोकनचंच सॉफ्टवेअर टाकलं आहे ना, ते बघा.
• त्यात सर्टिफिकेट दिसतंय, पण पोर्टलवर नाही? मग अडचण बहुधा सही करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आहे. जीएसटीसाठी एमसाइनर सुरू आहे का, ते तपासा.
• सर्टिफिकेटची मुदत संपलेली नाही ना, तेही बघा.

पासवर्ड आठवत नसेल तर

अंदाज लावत बसू नका. ठरावीक वेळा चुकल्यावर टोकन लॉक होतं. मग विक्रेत्याला विचारा: ‘सर्टिफिकेट न जाता अनलॉक होईल का?’ ‘इनिशियलाइझ’ किंवा ‘फॉरमॅट’ केल्यास आतलं सगळं पुसलं जातं आणि नवं सर्टिफिकेट घ्यावं लागतं.

जुनं टोकन फेकू नका

सहीची की गेली तर नवी घेता येते. आधी केलेल्या सह्या पडताळता येतात. एन्क्रिप्शनच्या कीचं तसं नाही. तिची प्रत नसेल, तर तिच्यासाठी कुलूपबंद केलेल्या फाइल नव्या कीने उघडत नाहीत. म्हणून मुदत संपली तरी ते टोकन आणि त्याचा पासवर्ड जपून ठेवा.

टोकन कोणाकडे आहे?

अनेकांचं टोकन पासवर्डसकट सीएच्या किंवा एजंटच्या ड्रॉवरमध्ये असतं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ नुसार खासगी की सांभाळण्याची जबाबदारी सर्टिफिकेटधारकाची आहे. टोकन हरवलं किंवा की दुसऱ्याच्या हाती गेली, तर सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला लगेच कळवून ते रद्द करून घ्या. दुसऱ्याची डिजिटल सही फसवणुकीने वापरणं हा कलम ६६सी खाली गुन्हा आहे. त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.