शिवपूर वनस्पति उद्यान
शिवपूर वनस्पति उद्यान : भारतातील एक जुने व विस्तीर्ण वनस्पति उद्यान. ते प. बंगाल राज्यात हावडा जिल्ह्यातील शिवपूर येथे, हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर आहे. स्थापना १७८७. क्षेत्रफळ सु. १०९ हेक्टर. पूर्वी ते ‘कंपनी बाग’ म्हणून ओळखले जाई. २००९ पासून त्याचे अधिकृत नाव ‘आचार्य जगदीशचंद्र बोस भारतीय वनस्पति उद्यान’ असे आहे.

१७७० च्या दुष्काळात बंगालमध्ये सु. एक कोटी माणसे मृत्यू पावली असावीत. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील लेफ्टनंट कर्नल रॉबर्ट किड यांनी १७८६ मध्ये या उद्यानाची योजना मांडली, तेव्हा दुष्काळात उपयोगी पडतील अशी साबुदाण्याचा ताड, खजूर इ. झाडे बाहेरून आणून लावावीत, असा आग्रह धरला. कंपनीस मात्र मसाल्यांच्या व्यापारातील नफा आणि जहाजबांधणीसाठी सागवान यांचेही मोठे आकर्षण होते. यांतील बरेच हेतू विफल झाले. जायफळ, लवंग यांसारखी विषुववृत्तीय झाडे येथील हवामानात टिकली नाहीत. गाळाच्या जमिनीत सागवानाचे लाकूडही चांगले निपजले नाही. साबुदाणा बंगालचे अन्न झाला नाही. १९४३ मध्ये तेथे पुन्हा भीषण दुष्काळ पडला.

किड यांच्या निधनानंतर १७९३ मध्ये विल्यम रॉक्सबर्ग हे अधीक्षक झाले. त्यांनी भारतीय चित्रकारांकडून वनस्पतींची अडीच हजारांहून अधिक रंगीत चित्रे काढून घेतली. या चित्रकारांपैकी बहुतेकांची नावे अज्ञात आहेत. उद्यानातील वनस्पतींची रॉक्सबर्ग यांनी केलेली सूची विल्यम केरी यांनी १८१४ मध्ये श्रीरामपूर येथे प्रसिद्ध केली. पुढे नॅथॅनिएल वॉलिक यांच्या काळात चीनहून आणलेल्या चहाच्या बियांची रोपे येथे वाढवून ती आसाम, कुमाऊं व दक्षिण भारत येथे पाठविण्यात आली (१८३५–३६). दुष्काळनिवारणापेक्षा मळ्यांच्या व्यापारालाच उद्यानाचा अधिक लाभ झाला, असे यावरून दिसते.

१८६४ व १८६७ च्या चक्रीवादळांत असंख्य जुने वृक्ष उन्मळून पडले. १८७१ मध्ये अधीक्षक झालेल्या जॉर्ज किंग यांनी तलाव, रस्ते व नवी लागवड करून उद्यानाची फेररचना केली; आज दिसणारे स्वरूप बव्हंशी त्यांचेच आहे. १८९० मध्ये भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्था स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले संचालकपदही किंग यांच्याकडे आले. १९६३ पासून उद्यान याच संस्थेच्या अखत्यारीत आहे. येथील शुष्क वनस्पतिसंग्रहात सु. वीस लाख नमुने असून वनस्पतींच्या नामनिश्चितीसाठी संशोधकांना त्यांचा आधार घ्यावा लागतो.

किड यांचे स्मारक, रॉक्सबर्ग यांचे निवासस्थान, ताडवृक्षांचा संग्रह व तलावांतील व्हिक्टोरिया कमळे ही येथील प्रेक्षणीय स्थळे होत. सर्वांत प्रसिद्ध आहे तो अडीचशेहून अधिक वर्षांचा महावटवृक्ष. वादळांनी जखमी झालेले त्याचे मूळ खोड बुरशीने कुजल्यामुळे १९२५ मध्ये काढून टाकावे लागले. तथापि हजारो पारंब्यांच्या आधाराने वृक्ष जिवंत असून त्याचा विस्तार वाढतच गेला. मे २०२० मधील ‘अम्फान’ चक्रीवादळात त्याच्या काही पारंब्या मोडल्या व उद्यानातील अनेक दुर्मिळ झाडे कोसळली.

अन्नपुरवठ्याचा मूळ हेतू सफल झाला नसला, तरी भारतीय वनस्पतींची शास्त्रीय नोंद व अभ्यास यांचा पाया घालण्यात या उद्यानाचा मोठा वाटा आहे.