फ्रिदाची स्वतःची कमाई

आज आम्ही तुम्हाला मेक्सिको देशातल्या चित्रकार फ्रिदा काहलो हिच्याबद्दल सांगणार आहोत. आपल्या गटातल्या प्रत्येकीनं ऐकावं असं तिच्या आयुष्यात आहे.

फ्रिदाचा जन्म १९०७ चा, मेक्सिको शहरालगतच्या कोयोआकानमधला. ६ वर्षांची असताना पोलिओ झाला, उजवा पाय बारीक राहिला. पोरगी हुशार, डॉक्टर व्हायचं मनात होतं. पण १९२५ साली ती बसलेल्या बसला ट्रामनं धडक दिली. पाठीचा कणा, कंबर, पाय, सगळं मोडलं. वय अवघं १८. कित्येक महिने अंथरुणात गेले. आईनं पडल्यापडल्या चित्र काढता येईल अशी चौकट करून घेतली, पलंगावर वरच्या बाजूला आरसा लावला. आरशात दिसणारा स्वतःचा चेहराच फ्रिदा रंगवू लागली.

१९२९ मध्ये दिएगो रिवेरा या नामवंत चित्रकाराशी तिचं लग्न झालं. तिच्या माहेरचं घर गहाण होतं, ते त्यानं सोडवलं. लोक तिला दिएगोची बायको म्हणूनच ओळखत. १९३२ साली तिचा गर्भ पडला. बायका चारचौघांत बोलत नाहीत ते दुःख तिनं दवाखान्याच्या खाटेसकट चित्रात मांडलं.

१९३८ मध्ये एका अमेरिकी नटानं तिची ४ चित्रं प्रत्येकी २०० डॉलरला विकत घेतली. तिला नवलच वाटलं. आता दिएगोकडे पैसे न मागता हिंडता येईल, मनासारखं करता येईल, असं तिला वाटलं.

पुढच्याच वर्षी दोघांचा घटस्फोट झाला, आणि १९४० मध्ये पुन्हा लग्न. या वेळी तिनं अट घातली: माझा खर्च मी चित्रं विकून भागवीन, घरखर्च निम्मा-निम्मा. ही अट दिएगोनं स्वतःच्या आत्मचरित्रात सांगितली आहे.

दुखणं मात्र सुटलं नाही. १९५३ साली मेक्सिकोत तिच्या एकटीच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं. ती रुग्णवाहिकेतून आली आणि तिथं मांडलेल्या पलंगावर पडूनच लोकांना भेटली. १९५४ मध्ये, ४७ व्या वर्षी ती गेली. तिचं निळं घर आज संग्रहालय आहे.

मैत्रिणींनो, पासबुकावर आपलं नाव असतं. पण त्यातला पैसा कशावर खर्च करायचा, हे घरात कोण ठरवतं? पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की यावर बोलूया.